गाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

डिसेंबर २०२०. कोरोनाचं पहिलं वर्ष सरत आलं होतं आणि अमेरिकेतून बातमी आली की बॉब डिलनने आपली सगळी गाणी विकली. सहाशेच्या वर गाणी. घेणारी कंपनी युनिव्हर्सल. रक्कम कंपनीने जाहीर केली नाही, पण तिकडच्या पेपरांनी ३० कोटी डॉलरच्या पुढे सांगितली. आपल्या भाषेत दोन हजार कोटी रुपयांहून जास्त. आमच्या पेपरात मी ती आतल्या पानावर दोन कॉलम लावली होती. नोबेल मिळालेला माणूस आहे, एवढंच तेव्हा बातमीचं महत्त्व वाटलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसात आले. अण्णा म्हणजे आमच्या भागातले जुने गीतकार. खंडोबाची, देवीची गाणी लिहायचे, स्वतः चाली लावायचे. कार्यक्रम बंद पडलेले, म्हणून पेपर वाचायला येऊन बसायचे. त्यांनी विचारलं, "गाणी विकली म्हणजे नक्की काय विकलं रे? आता तो बाबा स्वतःची गाणी म्हणायचा नाही का?"

प्रश्न रास्त होता, आणि खरं सांगायचं तर बातमी लावताना मलाही नीट माहीत नव्हतं. मग वाचत गेलो.

एका गाण्याच्या दोन मालक्या असतात. एक शब्द आणि चालीची. दुसरी रेकॉर्डिंगची, ज्याला त्या धंद्यात मास्टर म्हणतात. लताबाईंनी गायलेलं एखादं गाणं उद्या तुम्ही नव्या गायिकेकडून गाऊन घेतलंत, तर जुन्या रेकॉर्डिंगच्या मालकाला काही द्यावं लागत नाही, पण शब्द आणि चालीच्या मालकाची परवानगी लागते. गाणं सिनेमात वापरलं, जाहिरातीत वापरलं, रेडिओवर लागलं, मोबाइलवर ऐकलं, की दोन्ही मालकांना आपापला वाटा जातो. डिलनने २०२० ला विकली ती पहिली मालकी. मास्टर त्याने पुढच्या वर्षी सोनीला विकले. गायला त्याला कुणी मनाई केलेली नाही, तो गातोच आहे. फक्त शेताचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर झाला.

हे सगळं ऐकून अण्णा म्हणाले, "मग मी पण विकलेलीच आहेत की. १९९८ ला. आठ गाणी, चार हजार रुपये आणि पन्नास कॅसेटी."

अण्णांच्या गाण्यांकडे येतो. आधी डिलन आणि मंडळींनी हे का केलं ते बघू, कारण ते काही अडचणीत आलेले लोक नव्हते. ब्रूस स्प्रिंगस्टीनने २०२१ च्या अखेरीस सोनीशी सौदा केला, तो ५० कोटी डॉलरच्या आसपासचा असल्याचं छापून आलं. नील यंगने आपल्या गाण्यांतला निम्मा हिस्सा विकला. कारणं साधी होती. कोरोनाने मैफली बंद पाडल्या. बँकांचे व्याजदर तळाला गेले होते, त्यामुळे वर्षाला ठरावीक उत्पन्न देणारं काहीही विकत घ्यायला पैसेवाले तयार होते. मोबाइलवरच्या ऐकण्यामुळे पन्नास वर्षं जुनं गाणंही दर महिन्याला थोडे थोडे पैसे आणू लागलं होतं. आणि कराचा भाग. अमेरिकेत गीतकाराला वर्षाच्या वर्षाला रॉयल्टी मिळाली तर ती साधं उत्पन्न धरतात, वरच्या टप्प्यात ३७ टक्के कर. तीच गाणी एकरकमी विकली तर भांडवली नफा, २० टक्के. ऐंशीला टेकलेला माणूस मुलाबाळांत वाटण्या सोप्या व्हाव्यात म्हणून रोख रक्कम करून ठेवतो, हे आपल्याकडे जमिनीच्या बाबतीत रोज घडतं.

पण हे लोक विकू शकले, कारण म्हातारपणी गाणी त्यांच्या हातात होती. सगळ्यांच्या हातात ती राहत नाहीत. बीटल्सचंच बघा.

फेब्रुवारी १९६३ मध्ये लिव्हरपूलच्या दोन पोरांनी एका कागदावर सह्या केल्या. जॉन लेनन २२ वर्षांचा, पॉल मॅकार्टनी २०. त्यांच्या गाण्यांसाठी नॉर्दर्न साँग्स नावाची कंपनी काढली गेली. त्यात निम्मा हिस्सा प्रकाशक डिक जेम्स आणि त्याच्या भागीदाराचा. लेनन आणि मॅकार्टनीला प्रत्येकी २० टक्के, मॅनेजर ब्रायन एपस्टाइनला १०. म्हणजे ज्यांनी गाणी लिहिली ते दोघं मिळून ४० टक्क्यांचे धनी. मॅकार्टनीने नंतर अनेकदा सांगितलंय की गाणं कुणाच्या मालकीचं असू शकतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं, ती हवेत असतात असं वाटायचं. वीस वर्षांच्या पोराला दुसरं काय वाटणार?

१९६५ ला कर वाचवण्यासाठी ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारात आणली. आता गाण्यांचे शेअर कुणीही घेऊ शकत होतं. १९६७ मध्ये एपस्टाइन वारला. बीटल्सचं आपसात बिनसू लागलं आणि डिक जेम्सला आपल्या पैशाची काळजी वाटायला लागली. मार्च १९६९ मध्ये मॅकार्टनीचं लग्न झालं, आठवडाभराने लेननचं. दोघं त्या गडबडीत असताना जेम्सने आपला हिस्सा एटीव्ही या टीव्ही कंपनीला विकून टाकला. त्यांना विचारलं नाही. विचारायचं कायद्याने बंधनही नव्हतं. दोघांनी बहुमत मिळवायची धडपड केली, ती फसली, आणि वर्ष संपायच्या आत आपले शेअरही विकून ते बाहेर पडले. लेखक म्हणून रॉयल्टीतला वाटा त्यांना मिळत राहिला, पण गाणं कुठे वापरायचं, कुणाला द्यायचं, हा अधिकार गेला.

पुढचा भाग अनेकांनी ऐकला असेल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकार्टनी आणि मायकल जॅक्सन एकत्र गाणी करत होते. मॅकार्टनीने तोवर स्वतः दुसऱ्यांची गाणी विकत घ्यायला सुरुवात केली होती, बडी हॉलीची गाणी त्याच्याकडे होती. खरा पैसा यात आहे, असं त्याने जॅक्सनला समजावून सांगितलं. शिष्य हुशार निघाला. १९८५ मध्ये एटीव्हीचा संगीत विभाग विक्रीला आला, आणि जॅक्सनने तो ४ कोटी ७५ लाख डॉलरला घेतला. आत बीटल्सची अडीचशेच्या आसपास गाणी. मैत्री संपली. पुढे १९९५ ला जॅक्सनने सोनीशी भागीदारी केली, आणि तो गेल्यावर २०१६ मध्ये सोनीने त्याच्या वारसांचा निम्मा हिस्सा ७५ कोटी डॉलरला घेतला. त्यात बीटल्सबरोबर इतरही असंख्य गाणी होती, तरी भाव कुठून कुठे गेला बघा.

इथे अमेरिकेच्या कायद्यातली एक तरतूद सांगायला हवी. तिथे १९७८ च्या आधीच्या गाण्याचा विकलेला हक्क ५६ वर्षांनी लेखक परत मागू शकतो. नंतरच्या गाण्यांना ३५ वर्षं. पहिला करार करताना लेखक कोवळा आणि गरजू असतो, गाण्याची किंमत त्यालाही माहीत नसते, हे धरून केलेली ही सोय. २०१७ मध्ये मॅकार्टनी याच तरतुदीवर सोनीविरुद्ध कोर्टात गेला. काही महिन्यांत तडजोड झाली, अटी गुप्त. तेव्हा तो ७५ वर्षांचा होता.

मॅकार्टनीबद्दल फार हळहळायचं कारण नाही, तो जगातल्या श्रीमंतांपैकी एक आहे. सॉलोमन लिंडा तसा नव्हता. दक्षिण आफ्रिकेतला झुलू गायक. १९३९ मध्ये जोहान्सबर्गला गॅलो कंपनीच्या स्टुडिओत त्याने आपल्या साथीदारांबरोबर 'म्बुबे' हे गाणं रेकॉर्ड केलं. म्बुबे म्हणजे सिंह. पुढे हक्क कंपनीला लिहून दिले, मोबदला दहा शिलिंग. तीच चाल अमेरिकेत पोचली, तिथे पीट सीगरच्या गटाने ती गायली, १९६१ ला 'द लायन स्लीप्स टुनाइट' या नावाने तुफान चालली, आणि १९९४ ला डिस्नेच्या 'द लायन किंग'मध्ये आली. तुमच्या मुलांनी ती नक्की गुणगुणली असेल. लिंडा १९६२ मध्ये वारला तेव्हा त्याच्या बँक खात्यात २५ डॉलरही नव्हते.

मुलींना वाटा मिळाला तो २००६ मध्ये, तोही तडजोडीने. रायन मलान नावाच्या पत्रकाराने २००० साली 'रोलिंग स्टोन'मध्ये यावर सविस्तर लिहिलं, त्यानंतर चक्रं हलली. (आमच्या धंद्याबद्दल हल्ली चांगलं ऐकायला मिळत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.) वकिलांनी जो कायदा शोधून काढला तो इंग्रजांच्या साम्राज्याचा, १९११ चा. लेखक मेल्यानंतर २५ वर्षांनी विकलेला हक्कही वारसांकडे परत येईल असं त्यात लिहिलेलं होतं. साहेबाच्या कायद्याने एका झुलू माणसाच्या लेकींना हात दिला.

गाणी न विकता पैसा उभा करण्याची युक्ती डेव्हिड बोवीने काढली. १९९७ मध्ये त्याने आपल्या जुन्या २५ अल्बमच्या येणाऱ्या कमाईवर रोखे काढले. दहा वर्षं मुदत, ७.९ टक्के व्याज, रक्कम साडेपाच कोटी डॉलर. सगळे रोखे एका विमा कंपनीने घेतले. आपल्याकडे ऊस उभा असताना त्यावर कर्ज काढतात, तसाच प्रकार. त्यातले काही पैसे वापरून त्याने जुन्या मॅनेजरकडे अडकलेला आपल्या गाण्यांतला हिस्सा सोडवून घेतला. मध्यंतरी इंटरनेटवरून फुकट गाणी उतरवून घ्यायचं पेव फुटलं, रोख्यांची पत घसरली, तरी २००७ ला सगळं कर्ज फिटलं आणि गाणी परत मोकळी झाली. २०२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, वारसांनी ती वॉर्नरला विकली. रक्कम २५ कोटी डॉलरच्या वर असल्याचं छापून आलं.

बोवीची ती कल्पना पुढे गुंतवणूकदारांनी उचलली. हिपनोसिस नावाचा फंड २०१८ मध्ये लंडनच्या बाजारात आला, त्याने हजारो गाणी घेतली. सोनं-तेलापेक्षा गाणं भरवशाचं, असं त्याचा प्रवर्तक सांगायचा. व्याजदर चढल्यावर फंडाचे शेअर पडले आणि २०२४ मध्ये ब्लॅकस्टोनने तो सगळा घेतला. टेलर स्विफ्टचं प्रकरण तर तरुण पोरांना तोंडपाठ आहे. पहिल्या सहा अल्बमचे मास्टर तिच्या नकळत तिसऱ्याला विकले गेले, शब्द-चालीची मालकी तिच्याकडे होती म्हणून तिने चार अल्बम पुन्हा गाऊन काढले, आणि २०२५ मध्ये मूळ मास्टरही विकत घेतले. इतका पैसा आणि इतके चाहते किती जणांकडे असतात?

आता आपल्याकडे.

मी शोधत होतो की हिंदी सिनेमाच्या सोनेरी काळातल्या कुणा संगीतकाराने असा दोन हजार कोटींचा सौदा केला का. मग लक्षात आलं की प्रश्नच चुकला. त्यांच्याकडे विकायला गाणी नव्हतीच. सिनेमासाठी पैसे घेऊन केलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, अशी आपल्या कायद्याची रचना. निर्माता ते हक्क रेकॉर्ड कंपनीला देणार. शब्द लिहिणारा आणि चाल देणारा जन्मदाता खरा, पण कागदावर नाव पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचं.

तो कायदा १९५७ चा. त्याच वर्षी १ एप्रिलला, म्हणजे कृषक दिनाला, आपल्या मुंबई राज्यात कुळांना कसत असलेल्या जमिनीचे मालक मानण्यात आलं. माझ्या आजोबांच्या तोंडी ती तारीख असायची. कसेल त्याची जमीन मान्य झाली आणि रचेल त्याचं गाणं राहून गेलं, ते एकाच वर्षात.

लताबाईंनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विषय काढला. रेकॉर्ड विकल्या जातात, निर्मात्याला रॉयल्टी मिळते, मग गाणाऱ्याला का नको? मोहम्मद रफींचं म्हणणं वेगळं होतं. आपण गायलो, मानधन घेतलं, संबंध संपला. रफी मनाने किती मोठे होते हे सांगायला नको, पण या मुद्द्यावर मला लताबाईंचं पटतं. दोघांत इतकं फाटलं की काही वर्षं ते एकत्र गायले नाहीत. लोकांना ते भांडण गॉसिप म्हणून आठवतं. त्यातला मुद्दा मात्र पुढची पन्नास वर्षं तसाच पडून राहिला.

१९६९ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस ही संस्था निघाली. सिनेमाची गाणी जाहीरपणे वाजतात त्याचे पैसे लेखकांना मिळावेत, अशी तिची मागणी. निर्माते आणि थिएटरवाले विरोधात उभे राहिले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि मार्च १९७७ मध्ये निकाल लागला: निर्मात्याने पैसे देऊन गाणं करून घेतलं असेल आणि करारात वेगळं काही नसेल, तर मालक निर्माता. संस्था हरली. या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतःची एक छोटी पुरवणी जोडली. निकाल त्यांना मान्य होता, कायदा तसाच होता. पण कलावंताला, गायकालाही, काही मिळू नये हे बरोबर नाही आणि संसदेने याचा विचार करावा, असं त्यांनी नोंदवलं. हेच कृष्ण अय्यर १९५७ च्या केरळच्या नंबुद्रिपाद मंत्रिमंडळात कायदामंत्री होते. जमीन कुणाची हा प्रश्न त्यांनी जवळून पाहिलेला.

संसदेने विचार करायला ३५ वर्षं घेतली. मे २०१२ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली. राष्ट्रपतीनियुक्त खासदार म्हणून राज्यसभेत गेलेल्या जावेद अख्तर यांनी ती लावून धरली होती. त्याआधीचे करार कसे असायचे? सगळे हक्क, कायमचे, आणि क्षेत्र म्हणून अख्खं विश्व. उद्या मंगळावर डीजे लागला तरी पैसे कंपनीचेच! नव्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा त्याच्याकडून लिहून घेता येणार नाही असं ठरवलं. मालकी विकली तरी हा वाटा राहतो. फक्त थिएटरात सिनेमाबरोबर गाणं दाखवलं तर तो लागू नाही. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क नाव घेऊन लिहिले नसतील तर तेही जात नाहीत. गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. सिनेमाबाहेरच्या गाण्यांना, म्हणजे अण्णांसारख्यांच्या कॅसेटच्या गाण्यांनाही, वाट्याची तरतूद आहे.

मालकी परत मागायची सोय मात्र आपल्या कायद्यात नाही. १९५७ चा कायदा आला तेव्हा साहेबाची ती २५ वर्षांची तरतूद आपण उचलली नाही, आणि अमेरिकेच्या ३५ वर्षांसारखं काही २०१२ मध्येही घातलं नाही. आहे ती एक छोटी फट, कलम १९. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरायची. क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत.

म्हणून मी अण्णांना विचारलं, तुमच्या कागदात मुदत लिहिलीय का?

कागदच नाही. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीने स्टँप पेपरवर सह्या घेतल्या, प्रत पाठवतो म्हणाले, ती काही आली नाही. अण्णांनी तेव्हा मागितलीही नाही. गाणी बाहेर येतायत याचाच आनंद. चार हजारांत त्यांनी घरावर पत्रे टाकले. आठातलं एक गाणं चाललं. आजही यात्रेत, हळदीत, मिरवणुकीत वाजतं. युट्यूबवर ते दीड कोटींच्या वर वेळा बघितलं गेलंय. खाली गीतकाराच्या नावाच्या जागी 'पारंपरिक' लिहिलंय.

अण्णा त्या शब्दावर अडकले आहेत. पैशाचं ते फार बोलत नाहीत. "पारंपरिक म्हणजे मेलेल्या माणसाचं," म्हणाले, "मी अजून आहे ना."

आम्ही शोध घेतला. १९९८ ची ती कंपनी बंद पडली. तिच्या सगळ्या कॅसेटींचे हक्क दुसरीने घेतले, दुसरीचे तिसरीने. म्हणजे अण्णांची गाणी डिलनच्याही आधीपासून विकली जात होती, बीटल्ससारखी हातोहात फिरली, फक्त अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं. कोर्टात जायची त्यांची ऐपत नाही आणि मी त्यांना तो सल्ला देणार नाही. आयपीआरएसचं सभासदत्व घ्यायला मुलीने अर्ज भरून दिलाय. त्यासाठी गाण्यांची यादी करताना अण्णांना सातच आठवली. आठवं त्यांच्या मंडळींनी म्हणून दाखवलं.

तिसऱ्या कंपनीला आम्ही रजिस्टर पत्र पाठवलं. मागणी दोनच. १९९८ च्या कराराची प्रत द्या आणि 'पारंपरिक' काढून नाव लावा. पोच आली, शिक्का आणि सही आहे. त्याला आता सात आठवडे झाले. तुमच्या गावात, नात्यात कॅसेटच्या काळात गाणी दिलेलं कुणी असेल तर त्यांचे कागद शोधून ठेवा, आणि त्यात मुदतीची ओळ आहे का, तेवढं मला कळवा.